ट्रूनॅस, प्रॉक्समॉक्सच्या पोटात: चौदा महिन्यांनंतर

आधी निकाल, मग कैफियत: पाचपैकी साडेतीन तारे. कापलेल्या दीड ताऱ्यातला अर्धा तरी माझ्याच चुकांचा आहे, तो हवा तर परत द्या.

मांडणी साधी. एकच पीसी, ३२ जीबी रॅम, ४ टीबीच्या चार डिस्क. खाली प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका पीसीत अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली. त्याच्यावर व्हर्च्युअल मशीनमध्ये (पुढं नुसतं ‘मशीन’) ट्रूनॅस, म्हणजे डिस्क सांभाळून घरभर फाइली पुरवणारी प्रणाली, आणि शेजारच्या कंटेनरमध्ये, म्हणजे हलक्या आभासी संगणकात, टीव्हीवर पिक्चर दाखवणारं जेलीफिन. चारही डिस्क ट्रूनॅसकडे, रेडझेड१ या एका डिस्कइतकी जागा राखीव ठेवणाऱ्या मांडणीत. म्हणजे १६ टीबीतले साधारण १२ हाताशी येतात आणि एक डिस्क गेली तरी पिक्चर शाबूत राहतात.

पहिले पाच महिने डिस्क मी सोप्या रस्त्यानं दिल्या होत्या. प्रॉक्समॉक्सच्या कमांडलाइनवर प्रत्येक डिस्कचं नाव घेऊन ती मशीनला जोडायची, चार ओळींचं काम. ट्रूनॅसनं चारही डिस्कचा मिळून एक साठा, म्हणजे पूल बनवला, सगळं हिरवं. फक्त डिस्कच्या यादीत कंपनी, मॉडेल काही नाही, चारही ठिकाणी ‘क्यूईएमयू हार्डडिस्क’. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दिसतायत ना चार, मग झालं.

एका रविवारी मुलगी म्हणाली, “बाबा, दर दोन मिनिटांनी अडकतंय.” ट्रूनॅस उघडलं तर पूल ऑनलाइन, एकही एरर नाही. नेटवर्क तपासलं, जेलीफिन रीस्टार्ट केलं, तासभर त्यातच गेला. शेवटी खाली प्रॉक्समॉक्सवर जाऊन स्मार्टक्टल ही डिस्कची तब्येत सांगणारी कमांड चालवली, तेव्हा तिसऱ्या डिस्कचे रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बाजूला काढलेले भाग) चार आकडी निघाले. डिस्क तोच तो भाग पुन्हा पुन्हा वाचून कसाबसा डेटा देत होती. शेवटी देत होती, म्हणून झेडएफएसची (ट्रूनॅस ज्यात डेटा ठेवतं त्या फाइल सिस्टिमची) तक्रार नव्हती. आणि स्मार्टची, म्हणजे डिस्कनं स्वतः नोंदवलेल्या तब्येतीची माहिती या रस्त्यानं मशीनच्या आत पोचतच नाही, त्यामुळे ट्रूनॅसला कळायला मार्ग नव्हता. प्रॉक्समॉक्सला मात्र कळलं होतं. तो ईमेलही पाठवत होता. इन्स्टॉल करताना तो ईमेल विचारतो, तिथं मी कधीच न उघडलेला जुना पत्ता ठोकून दिला होता. त्यात सात इशारे पडून होते.

म्हणून या परीक्षणातली कामाची गोष्ट ही: डिस्क देऊ नका, डिस्क ज्याला जोडल्यात तो कंट्रोलरच देऊन टाका. मी एलएसआय ९२११-८आय हे जुनं कंट्रोलर कार्ड घेतलं. दोन केबल लागतात, प्रत्येकीला चार डिस्क, म्हणजे एकूण आठ. एक बघून घ्या, कार्डावर आयटी मोडचं, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढं देणारं फर्मवेअर हवं. माझं आयआर मोडमध्ये आलं, म्हणजे स्वतःच डिस्कची मोट बांधू (रेड करू) बघणारं. झेडएफएसला मध्ये असा लुडबुड्या नको असतो. फर्मवेअर बदलण्यात (फ्लॅश करण्यात) एक संध्याकाळ गेली.

मग बायोसमध्ये व्हीटी-डी ही हार्डवेअर थेट मशीनला देऊ देणारी सोय चालू करायची (एएमडीवाल्यांना आयओएमएमयू) आणि कार्ड मशीनला पासथ्रू करायचं, म्हणजे थेट तिच्या ताब्यात द्यायचं. इथं माझं घोडं अडलं. खालच्या स्लॉटमध्ये कार्ड आणि मदरबोर्डाचं नेटवर्क एकाच आयओएमएमयू गटात होतं. गटातलं सगळं एकत्रच द्यावं लागतं, म्हणजे कार्ड दिलं की नेटवर्कही गेलं. हे गट जबरदस्तीनं फोडायचा एक जुगाड आहे, पण मी त्या वाटेला गेलो नाही. कार्ड वरच्या स्लॉटमध्ये हलवलं आणि ते एकटं पडलं, मिटला प्रश्न.

आणखी एक, आणि हे ठळक वाचा. बूट होताना प्रॉक्समॉक्सनं कार्डाला हात लावता कामा नये. तिथंही झेडएफएस आहेच. त्यानं पूल इम्पोर्ट केला आणि इकडे मशीननंही केला, तर दोन लिहिणारे आणि वही एक. असा पूल मग बहुधा दुरुस्त होत नाही. कार्डाचा आयडी (या चिपचा १०००:००७२) व्हीएफआयओ या, मशीनसाठी कार्ड राखून ठेवणाऱ्या ड्रायव्हरच्या नावावर लिहून ठेवा आणि तो नेहमीच्या ड्रायव्हरच्या आधी लोड होईल हे बघा.

कार्ड बसलं, जुना पूल जसाच्या तसा उघडला. यादीत डिस्कची खरी नावं आली, सिरियल नंबर आले, तापमानं आली. तिसरी डिस्क बदलली, रिसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, रात्रभर चाललं.

आठवडाभरानं स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून तपासण्याच्या कामात) तिसऱ्या तासाला चारही डिस्कसमोर चेकसमचे, म्हणजे न जुळलेल्या डेटाचे आकडे चढायला लागले. पोटात गोळा आला. पण चार डिस्क एकाच मिनिटाला बिघडत नाहीत, म्हणजे दुखणं मधल्या कशाचं तरी. कव्हर काढून कार्डाच्या हीटसिंकवर बोट ठेवलं आणि झटक्यात मागं घेतलं. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यात राहायला बनवलेली असतात. माझी पेटी शांत, पंखे हळू, आणि हा विचार मी केलेलाच नव्हता. ४० मिमीचा छोटा पंखा दोन झिपटायनी हीटसिंकवर बांधला. दिसायला गबाळं आहे. एरर क्लिअर करून पुन्हा स्क्रब केलं, शून्य. आज नऊ महिने झाले, शून्यच.

रॅमबद्दल थोडक्यात. पासथ्रू केलं की मशीनला दिलेली सगळी रॅम सुरुवातीलाच अडकून पडते, बलूनिंगचा, म्हणजे गरजेनुसार रॅम परत घेण्याच्या सोयीचा उपयोग नाही. मी आधी १६ जीबी दिली होती, मग ट्रूनॅसच्या किमान मर्यादेवर, ८ वर आणली. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. पिक्चर एकदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला जातो, कॅशला त्यात करण्यासारखं काही नसतं. वेगाचीही काळजी नको. ४के ब्लू-रेची कमाल गती सेकंदाला १२८ मेगाबिट, आणि मशीन ते कंटेनर हा प्रवास प्रॉक्समॉक्सच्या आतल्या ब्रिजवरूनच (आभासी नेटवर्कवरूनच) होतो, केबलपर्यंत येतच नाही.

खरी कटकट उठण्या-झोपण्याची. ट्रूनॅसचा एनएफएस शेअर (नेटवर्कवरून दिलेलं फोल्डर) मी प्रॉक्समॉक्सला स्टोरेज म्हणून जोडलाय आणि तिथून जेलीफिनच्या कंटेनरला. थोडक्यात, यजमान आपल्याच पाहुण्याच्या ताटातलं खातो. पहिल्यांदा वीज जाऊन आली तेव्हा कंटेनर आधी उठला, त्याला रिकामं फोल्डर दिसलं आणि टीव्हीवर एकही पिक्चर नाही. बूट ऑर्डरमध्ये ट्रूनॅसला पहिला नंबर आणि पुढं १८० सेकंदांची थांबणूक दिल्यावर हे सुटलं. बंद करतानाचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. ट्रूनॅस आधी झोपलं तर प्रॉक्समॉक्सच्या पानावर करडी प्रश्नचिन्हं उगवतात आणि तो हरवलेल्या शेअरची वाट बघत बसतो. मी आधी कंटेनर बंद करतो, शेअर हातानं सोडवतो, मग बाकीचं. पाहुण्यांसमोर करण्यासारखा प्रकार नाही. एक अख्खा तारा याचा.

मग एवढं असूनही मी हे ठेवलंय का? मार्चमध्ये मदरबोर्ड गेला. कार्ड आणि चार डिस्क उचलून एका जुन्या डेस्कटॉपमध्ये घातल्या, सुट्या एसएसडीवर ट्रूनॅस थेट टाकलं, जपून ठेवलेली कॉन्फिग फाइल चढवली. नेटवर्क कार्डाचं नाव मशीनच्या आत ईएनएस१८ होतं, इथं वेगळं, तेवढी सेटिंग हातानं करावी लागली. पूल पहिल्या फटक्यात इम्पोर्ट झाला. व्हर्च्युअलायझेशनचा त्या डिस्कवर मागमूस नव्हता, कारण कार्ड दिल्यानंतर मध्ये काही उरतच नाही. डिस्कच्या जागी फाइलवर बनवलेल्या आभासी डिस्क असत्या, तर आधी तसलाच प्रॉक्समॉक्स पुन्हा उभा करत बसलो असतो.

तुमच्याकडे दोनच डिस्क असतील, त्यात फक्त पिक्चर असतील आणि कमांडलाइनची भीती नसेल, तर या भानगडीत पडू नका. झेडएफएस प्रॉक्समॉक्समध्ये आहेच, तिथंच मिरर करा (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) आणि एका छोट्या कंटेनरमध्ये नेटवर्कवर फोल्डर पुरवणारं सांबा टाका. कार्ड नको, पंखा नको, उठण्या-झोपण्याचा क्रम नको. ट्रूनॅससाठी आपण हे सगळं करतो ते त्याच्या वेब पानापायी: स्नॅपशॉटचं (डेटाच्या त्या क्षणीच्या नोंदीचं) वेळापत्रक, स्क्रब, इशारे, सगळं एकाच जागी. ते मला हवं होतं. इशाऱ्यांचा ईमेल आता दोन्हीकडे माझा खराच आहे, आणि चाचणीचं पत्र पाठवून, ते आलेलं डोळ्यांनी बघून मगच मी पान बंद केलं.