चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या पोह्यांचा? दिवाळीआधी ठरवायचं असेल तर

दिवाळीला घरी एकच काहीतरी तिखटमिठाचं करायचंय, खर्च आवाक्यात ठेवायचाय आणि भाजणीच्या वाटेला जायचं नाहीये, तर चिवडा करा, यावर सहसा कुणाचं दुमत नसतं. वाद सुरू होतो तो वाण्याच्या दुकानात, पोहे कुठले द्यायचे असं त्याने विचारलं की. पातळ की भाजके? दोन्हीवाले आपापल्या जागी इतके ठाम असतात की मधे बोलायची सोय नाही. मी मधे बोलतोय कारण आमच्या घरात दोन्ही होतात. आम्ही मूळचे पुण्याचे, लहानपणापासून पातळ पोहेच बघितले, आणि सासुरवाडी सोलापूरची, तिकडे दिवाळी म्हटलं की भाजक्या पोह्यांचा मोठा पातेलाभर चिवडा. बायकोला दिवाळीच्या तोंडावर ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते त्यामुळे गेली काही वर्षं चिवडा हे खातं माझ्याकडे आहे, आणि कुठला करायचा हा निर्णयही त्यामुळे मलाच घ्यावा लागतो.

तळलेल्या जाड पोह्यांचा आणि मक्याचा चिवडा इथे धरलेला नाही. छान लागतात, पण तळण आलं की तेल आलं, आणि तेलाचं तुम्हाला माहितीच आहे, २०२४ च्या सप्टेंबरात ऐन सणाच्या आधी आयातशुल्क वाढलं होतं तेव्हा आमच्याकडे चकल्यांचा घाणा निम्म्यावर आला होता. या दोन चिवड्यांना फोडणीपुरतं तेल लागतं, म्हणून हे दोनच.

आधी पैशाचं. माझ्या वाण्याकडे भाजके पोहे पातळ पोह्यांपेक्षा किलोमागे थोडे महागच असतात, पण ते फुललेले असतात त्यामुळे अर्धा किलो आणले तरी पिशवी भरून दिसते आणि डबाही मोठा लागतो. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या बशीत ढीग दिसायला हवा असेल तर भाजके स्वस्त पडतात असंच म्हणावं लागेल. बाकी सामान दोन्हीकडे तेच, शेंगदाणे, पंढरपुरी डाळं, सुक्या खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, मिरच्या. काजू-बेदाणे मी घालत नाही, त्याने चिवडा श्रीमंत दिसतो पण चव काही वाढत नाही, असं माझं मत. खोबऱ्याचे भाव २०२५ मधे कुठे जाऊन पोचले होते ते सगळ्यांनीच बघितलंय, तेव्हा मी काप निम्मे केले आणि शेंगदाणे वाढवले, घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. पैशाच्या बाबतीत दोघं साधारण बरोबरीत सोडून देऊ.

मेहनतीत मात्र भाजके सरळ पुढे आहेत, यात काही लपवण्यासारखं नाही. भट्टीत वाळूवर भाजून ते आधीच कुरकुरीत होऊन आलेले असतात. आणायचे, चाळायचे (चाळायचेच, तळाशी बारीक रेती आणि तूस निघतं, दाताखाली खडा आला की सगळी दिवाळी तिथेच), फोडणी करायची, ओतायची, हलवायचं. तासाभरात ओटा रिकामा. पातळ पोह्यांचं तसं नाही. ते आधी कोरडे करून घ्यायला लागतात, ऊन दाखवून नाहीतर कढईत मंद गॅसवर, आणि इथेच बऱ्याच जणांचा धीर सुटतो. गॅस जरा मोठा झाला की पोहे आक्रसतात. पसरट, हलका असा पोहा आपल्या डोळ्यांसमोर गोळा होऊन त्याची वळकटी होते, आणि एकदा आक्रसला की तो परत काही उघडत नाही, खाताना चामट लागतो ते वेगळंच. त्यात झारा जोरात फिरवला तर चुरा. म्हणून पातळ पोहे करणारी माणसं कढई दोन्ही हातांनी धरून नुसती हिंदकळवत बसलेली असतात, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायला गेलेलं त्यांना चालत नाही.

उन्हाचं म्हणाल तर ते दिवाळी कधी येते त्यावर. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात, पण आजकाल तो तारखा कुठे पाळतो. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि आमच्याकडे तेव्हाही आभाळ भरून येतच होतं, पोहे गच्चीत टाकायचे आणि दर अर्ध्या तासाला वर बघायचं. २०२६ ला ते ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे जरा कोरडी हवा मिळेल अशी आशा ठेवायला हरकत नाही. फ्लॅटमधे ऊनच येत नसेल तर कढई आहेच, शिवाय मायक्रोवेव्हमधे काचेच्या पसरट भांड्यात थोडे थोडे, मिनिट-दीड मिनिट, मधे एकदा हलवून, असं केलं तरी चांगले होतात, आणि खरं सांगायचं तर त्यात आक्रसतही नाहीत फारसे.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मग प्रश्नच कुठे आहे, भाजके घ्या आणि मोकळे व्हा. मलाही तसंच वाटायचं, जोपर्यंत चिवडा पातेल्यात असतो तोपर्यंत. भानगड डब्यात गेल्यावर सुरू होते.

भाजक्या पोह्याला मसाला धरत नाही. तो पोहा वरून कोरडा, गुळगुळीत आणि फुगलेला असतो, हळद कशीबशी लागते पण मीठ, पिठीसाखर, धने-जिऱ्याची पूड हे सगळं त्याच्यावरून घसरतं आणि दोन पोह्यांच्या मधल्या फटीतून खाली, खाली, डब्याच्या बुडाशी जाऊन बसतं. शेंगदाणे आणि डाळं जड, तेही पाठोपाठ. मग होतं काय की वसुबारसेला जे येतात त्यांना वरचा फिकट पांढुरका चिवडा मिळतो, ते सभ्यपणे छान झालाय म्हणतात आणि हळूच बाजूची शेव मिसळून घेतात, आणि भाऊबीजेच्या पुढे जे येतात त्यांच्या बशीत हळद-मिठाची पूड आणि दाणे. एकाच डब्यातले दोन चिवडे, मधला जो खरा चिवडा तो कधी येऊन जातो कळतसुद्धा नाही.

यावर उपाय सांगणारे भरपूर भेटतात. तेल वाढवा म्हणतात, म्हणजे मसाला चिकटेल. वाढवलं की जिथे तेल पडलं तिथला पोहा ते पिऊन बसतो आणि मऊ पडतो, बाकीचे कोरडे ते कोरडेच. मसाला गरम तेलातच घाला म्हणतात, ते थोडं चालतं पण साखर तेलात घातली तर तिचे खडे होतात आणि तिखट करपलं तर अख्ख्या पातेल्याला वास. सासूबाईंची पद्धत वेगळी आहे. त्या फोडणी ओतल्यावर सोसवेल इतपत गरम असतानाच दोन्ही हातांनी चिवडा खालून वर करत राहतात, चांगला पंधरावीस मिनिटं, आणि नंतर रोज रात्री डबा झाकणासकट उलटा करून ठेवतात, सकाळी परत सरळ. त्यांचा चिवडा खरंच सगळीकडून सारखा लागतो. पण त्यांच्याकडे माणसंही इतकी असतात की तो डबा उलटा करायची वेळ दोन-तीन रात्रीच येते. आमच्या तिघांच्या घरात चिवडा पंधरा दिवस चालतो, रोज रात्री डबा उलटा करायचं कोण लक्षात ठेवणार, आणि एकदा झाकण सैल होतं तेव्हा काय झालं ते फरशीला विचारा.

पातळ पोह्याला हा त्रास नाही. तो चपटा आणि खरखरीत, फोडणीचं थोडंसं तेल अंगभर पसरतं आणि त्यावर मीठ-साखर बसते ती बसते. शेवटच्या दिवशी बुडाशी थोडा चुरा निघतो, नाही असं नाही, पण तो चुराही चवीला चिवडाच असतो, दह्यात घालून खाल्ला तर वर अजून मागाल. माझ्यापुरतं पारडं इथेच झुकलं. आक्रसण्याची कटकट एका दुपारची असते, मसाला खाली बसण्याची पंधरा दिवस.

चवीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण तो ज्याच्यात्याच्या जिभेचा मामला. पातळ पोह्यांचा चिवडा चुरचुरीत, तोंडात लगेच विरघळणारा, हिरवी मिरची, हिंग आणि किंचित साखर यांच्यावर चालणारा. भाजक्याला खमंगपणा स्वतःचाच असतो, भट्टीचा वास असतो, त्याला लाल तिखट, लसूण, कांदा असला झणझणीतपणा झेपतो. नाशिककडे चिवड्यात कांदा घालतात तसा तळून वाळवलेला कांदा घालायचा असेल तर मी पण भाजकेच घेईन, पातळ पोह्यांत तो कांदा दादागिरी करतो.

आणखीही काही ठिकाणी भाजके बरे, हे कबूल करायला पाहिजे. मुलगा-मुलगी हॉस्टेलला असेल आणि कुरियरने फराळ पाठवायचा असेल तर पातळ पोहे पाठवू नका, पोचेपर्यंत रवा होतो. घरात पंधरा-वीस माणसं जमणार असतील आणि चिवडा चार दिवसांत संपणारच असेल तर मसाला तळाशी जायला वेळच मिळत नाही, तिथे भाजके खुशाल करा. संध्याकाळी त्यातच कांदा-टोमॅटो-शेव घालून भेळेसारखं खाणारी पोरं असतील तरी भाजकेच, पातळ पोहे ओल्या टोमॅटोला दोन मिनिटांत शरण जातात. आणि दिवाळीच्या आदल्या रात्री आठ वाजता आठवण झाली असेल तर मग विचार कसला करताय.

उलट परदेशात असाल तर पातळच सोपे पडावेत. माझी न्यू जर्सीतली बहीण म्हणते की तिथल्या इंडियन स्टोअरमधे पातळ पोहे कधीही मिळतात, भाजक्यांसाठी शोधाशोध करावी लागते, आणि ती ते ओव्हनमधे कमी आचेवर पसरून कोरडे करते त्यामुळे उन्हाचा प्रश्नच नाही.

पातळवर ठरलं तर माझं प्रमाण असं, अर्धा किलोला. पोहे चाळून घ्यायचे, ती खालची भुकटी काढलीच पाहिजे नाहीतर ती करपून चिवड्यात काळे ठिपके येतात. मुठीत धरून दाबल्यावर आवाज होऊन मोडले पाहिजेत इतपत कोरडे करायचे, नुसते मोडून उपयोग नाही. पाऊण वाटी तेल, त्यात आधी शेंगदाणे वाटीभर, ते बाहेर काढून मग खोबरं, ते लालसर झालं की लगेच काढायचं कारण बाहेर आल्यावरही त्याचा रंग चढतो. मग मोहरी, आठ-दहा मिरच्यांचे तुकडे आणि कढीपत्ता, आणि इथे घाई करू नका. मिरची आणि कढीपत्ता यांच्यातलं पाणी पूर्ण गेलं पाहिजे, कढीपत्ता बोटांनी चुरडला जाईल इतका. चिवडा चार दिवसांत सादळला की लोक पोह्यांना नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा ओल या मिरचीतून आलेली असते. मग डाळं पाऊण वाटी, हिंग सढळ, गॅस बंद करून हळद आणि मीठ तेलातच, आणि त्यावर पोहे. साखर मात्र चिवडा कोमट झाल्यावर, दोन-तीन चमचे पिठीसाखर, चव बघत. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचा नाही, रात्रभर वर सुती कापड टाकून ठेवला तरी चालतो, फक्त पाऊस नसावा.

पोहे घेताना सुट्यातले घ्या आणि एक चिमूट तोंडात टाकून बघा, जुने असतील तर कोंदट लागतात. पेणचे मिळाले तर उत्तम. नायलॉन पोहे म्हणून त्याहून पातळ येतात ते दिसायला फार सुंदर असतात पण पहिल्यांदा करताय तर नको, त्यांचा चुरा आवरत नाही.

आणि किलोभर आणलेत तर सगळ्याचा चिवडा करू नका, अर्धा राखून ठेवा. चार दिवस लाडू-करंज्या खाऊन झाल्यावर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे दडपे पोहे करा, कच्चा कांदा, ओलं खोबरं, लिंबू, वरून खमंग फोडणी आणि तळलेला पोह्याचा पापड. भाजक्यांचं उरलं तर तेल-तिखट-मीठ लावून खाता येतं, तेही वाईट नाही, पण दडपे पोहे काही त्याचे होत नाहीत.