वाळकी फांदी: खालून करवत, चढणारा माणूस की पाळण्याची गाडी?

वळवाच्या पावसाआधी अंगणातल्या झाडाच्या वाळक्या फांद्या उतरवायच्या, तर तीन वाटा आहेत: खालून करवत, चढणारा माणूस, किंवा पाळण्याची गाडी, म्हणजे उंच जाणाऱ्या लोखंडी हाताच्या टोकाला माणसाला उभं राहायला पाळणा असलेला ट्रक. बहुतेक लोक उंची बघून ठरवतात. आमच्या मते आधी बघायचं ते लाकूड किती कुजलंय आणि फांदीखाली काय आहे.

त्याच्याही आधी फांदी खरंच मेली आहे ना, ते तपासा. गुलमोहर उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि चांगल्या फांद्या हकनाक कापल्या जातात. साल नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर करवत ठेवून द्या. साल सुटत असेल, फांदीच्या मुळाशी अळंबी उगवली असेल, तर आतून पोखरलेली समजा.

खालून लांब दांड्याची करवत. मनगटाएवढी, म्हणजे 2 ते 3 इंच जाडीची फांदी, करवत जमिनीवरून पोचते आणि खाली मोकळी जागा आहे: एवढं जमत असेल तर ही वाट सर्वांत स्वस्त. फांदीच्या बरोबर खाली उभं राहू नका, दांडा तिरका धरा. डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला हेल्मेट हवंच. वाळकं लाकूड ओल्यासारखं वाकत नाही, काडकन मोडतं. जवळून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमच्या दांड्याला हातच लावू नका, महावितरणला कळवा. शिडी लावून करवत चालवायचा मोह टाळा. फांदीचं वजन उतरलं की उरलेला भाग वर उसळतो आणि त्यावर टेकवलेली शिडी निसटते.

चढणारा माणूस, दोरखंडासह. खाली पत्रे, गाडी किंवा शेजाऱ्याची भिंत असेल तर हाच. 6 इंच जाडीची, 10 फूट लांब ओली फांदी 40-50 किलो भरते, ती नुसती सोडून चालत नाही. वरच्या जिवंत बेचक्यातून दोर घेऊन फांदी बांधायची आणि हळू खाली सोडायची. त्याला काम सांगताना तीन काप मागा. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या 2-3 इंच पुढे, वरून आरपार. उरलेली खुंटी तिसऱ्या कापात, खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून. पहिला काप चुकवला तर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलली जाते. फुगवट्यातच कापलं तर जखम भरायला झाडाकडे जिवंत भागच उरत नाही. लांब खुंटी ठेवली तर ती कुजून किडीला वाट देते. नुसता कोयता घेऊन येणाऱ्याला परत पाठवा.

पाळण्याची गाडी. महाग आहे, शिवाय अंगणात शिरायला रस्ता हवा. पण झाड पूर्ण वाळलेलं असेल तर दुसरा पर्याय नाही. मेलेल्या झाडावर दोर अडकवण्याजोगी भरवशाची फांदीच नसते, तिथे कोणालाही चढवू नका.

कापलेल्या जागी डांबर फासू नका, खाली ओल कोंडते. आंब्यासारख्या झाडाच्या ओल्या कापाला बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप पुरेसा: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं वापरलं तर मोरचूद भांडंच खातं.

शहरी हद्दीत झाड स्वतःच्या अंगणात असलं, तरी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे आधी उद्यान विभागात अर्ज द्यावा लागतो. फांदीवर कावळ्याचं घरटं नाही ना, तेही बघा. आणि मजुरी ठरवताना लाकूड उचलून नेणं त्यात धरलंय का, हे आधीच विचारा.