ताई रागावल्या नसत्या तर? : कोहलबर्ग यांच्या पायऱ्या आणि ट्युरिएल यांचे प्रश्न

मुलांशी बऱ्यावाईटाविषयी बोलण्याचा एखादा साप्ताहिक तास सुरू करावा, असे मनात असलेल्या दोघा-तिघांनी अलीकडे मला एकच प्रश्न विचारला: नीतीची समज मुलांत कशी घडते हे अभ्यासणारे दोन मानसशास्त्रज्ञ, लॉरेन्स कोहलबर्ग आणि इलियट ट्युरिएल, यांपैकी कोणाची रीत धरावी? टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास केलेल्यांना कोहलबर्ग यांचे तीन स्तर आणि सहा पायऱ्या तोंडपाठ असतात; इतरांसाठी एवढेच, की मुलांपुढे एक पेच ठेवायचा आणि उत्तरामागचे कारण ऐकून मुलाला पायरीवर बसवायचे, ही त्यांची रीत: शिक्षेची भीती ही पहिली पायरी, कायदा व समाजव्यवस्थेचा मान ही चौथी आणि सर्वांना लागू अशी न्यायतत्त्वे ही सहावी. ट्युरिएल यांचे नाव आपल्याकडच्या मार्गदर्शकांत क्वचित येते. तरी नीतीचा नियम (कुणाला इजा करू नये) आणि रूढीचा नियम (एखाद्या ठिकाणी ठरवून घेतलेली रीत) यांतला फरक मुलांना फार लहानपणीच कळतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा अनेकांच्या कानावरून गेला असेल, असे धरून चालतो. मी स्वतः एका तालुक्याच्या गावातील वाचनालयात दर शनिवारी दुपारी पाच ते तेरा वर्षांच्या मुलांबरोबर असा तास घेतो. पहिली तीन वर्षे तो कोहलबर्ग यांच्या रीतीने घेतला आणि नंतरची चार वर्षे बहुतांशी ट्युरिएल यांच्या. माझा कल त्यामुळे लपणार नाही; पण तो वीस-बावीस मुलांच्या अनुभवावर उभा आहे आणि त्याहून मोठा दावा करण्याचा माझा अधिकार नाही.

कोहलबर्ग यांच्या बाजूने पहिली गोष्ट सांगायची ती ही, की त्यांच्या रीतीने तास रंगतो. आपल्या १९५८ च्या प्रबंधासाठी त्यांनी शिकागो परिसरातील १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ मुलग्यांना जे पेच घातले, त्यांतला हाइन्झचा पेच सर्वांच्या ओळखीचा आहे: बायको मरणाच्या दारात, औषध बनवणारा २०० डॉलर खर्चाच्या औषधाचे २,००० डॉलर मागतो, नवऱ्याजवळ जेमतेम १,००० जमतात आणि अखेर तो दुकान फोडतो. डॉलरचे रुपये करून मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्या दुपारी वाचनालयाची वेळ संपली तरी मुले उठायला तयार नव्हती. नव्याने तास घेणाऱ्याला हा फार मोठा आधार असतो. शिवाय त्या पायऱ्यांमागे दीर्घ काम आहे. शिकागोच्या त्याच मुलग्यांना पुढे सुमारे वीस वर्षे पुन्हा पुन्हा भेटून पाहिले गेले आणि पायऱ्यांचा क्रम बहुतेकांच्या बाबतीत टिकला; मधली पायरी गाळून वर गेलेले जवळजवळ कोणी निघाले नाही. सहावी पायरी मात्र इतकी दुर्मीळ ठरली, की गुणांकनाच्या पुस्तिकेतून ती पुढे काढून टाकावी लागली. आपल्या अभ्यासक्रमांत ती अजून मानाने सहाव्या जागी बसलेली असते, हा भाग वेगळा.

आमच्या मुलांनी हाइन्झच्या गोष्टीला लवकरच चोरवाटा पाडायला सुरुवात केली. गणपती मंडळाने वर्गणी काढावी, हाइन्झने वर्षभर त्या दुकानात फुकट राबावे, दुकानदाराच्या आईला गाठून तिच्यामार्फत त्याला समजवावे, असे एकाहून एक व्यवहारी उपाय पुढे आले. दर वेळी मला म्हणावे लागे, की बाळांनो, तसे काही करता येत नाही असे धरा आणि चोरी करावी की नाही एवढेच सांगा. दुकानदाराच्या आईचे सुचवणारी मुलगी त्यावर गप्पच झाली. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये कोहलबर्ग यांच्यावर जो आक्षेप घेतला, तो मला त्या गप्प झालेल्या चेहऱ्यावरून नीट कळला. त्यांच्या पुस्तकातील अकरा वर्षांची एमीही चोरी टाळून दुकानदाराशी बोलण्याचे मार्ग शोधत राहते, आणि गुणांकनात मात्र तिच्याच वयाच्या, तर्कशुद्ध बोलणाऱ्या जेकच्या खाली जाते. ज्या पायऱ्या केवळ मुलग्यांच्या उत्तरांवरून रचल्या, त्यांवर मुलीला उभे करून तिची उंची मोजावी का, हा गिलिगन यांचा प्रश्न होता. पुढच्या पाहण्यांत मुलगे आणि मुली यांच्या गुणांत त्यांनी सुचवले होते तेवढे अंतर आढळले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणून केवळ या कारणासाठी मी कोहलबर्ग यांना सोडले नसते.

माझा निर्णय झाला तो एका वहीमुळे. प्रत्येक मुलाचे उत्तर ऐकून मी त्याच्या नावापुढे पायरीचा आकडा लिहीत असे आणि लहान गटातल्या चौदा मुलांपैकी अकरांच्या नावापुढे ‘१’ लिहिलेला होता. सहा वर्षांच्या मुलाला विचारावे, की मित्राला ढकलणे चूक का, तर तो सांगणार, ‘ताई रागावतात म्हणून.’ शिक्षेच्या भीतीने नियम पाळणारे मूल ते पहिल्या पायरीवरचे, असे पुस्तकात आहे. तेव्हा आकडा लिहिताना मला कधी संकोच वाटला नाही. मग एका शनिवारी दोन मुलांत कॅरमवरून भांडण झाले, एकाने दुसऱ्याला ढकलले आणि त्याचे कोपर सोलवटले. ढकलणे चूक का, असे मी जवळ बसलेल्या एका मुलीला विचारले, तर उत्तर ठरलेलेच आले. वाचनालय सांभाळणाऱ्या ताई तिथेच पुस्तके लावत होत्या. त्यांनी सहज, काही सिद्धान्त मनात न धरता, तिला विचारले, ‘आणि मी रागावले नसते तर?’ मुलीने त्यांच्याकडे असे पाहिले, की एवढ्या मोठ्या बाईंना इतके साधे कसे कळत नाही. ‘तरी त्याला लागलंच असतं ना,’ ती म्हणाली.

त्याच दुपारी मी तिला आणि आणखी चार-पाच जणांना दुसरा प्रश्न विचारला. वाचनालयात चपला दाराबाहेर रांगेत लावायच्या, असा आमचा नियम आहे. तो मोडणे चूक का? पुन्हा तेच, ‘ताई रागावतात.’ आणि ताईंनीच सांगितले, की उद्यापासून चपला कुठेही टाका, तर? ‘मग चालेल,’ सगळे एका सुरात म्हणाले. म्हणजे एकाच वाक्याआड दोन अगदी वेगळे न्याय दडलेले होते आणि माझ्या वहीने दोन्हींना ‘१’ हाच आकडा दिला होता. तीन वर्षे मी मुलांच्या मनाची मोजदाद करतो आहे असे समजत होतो. प्रत्यक्षात मी त्यांच्या बोलण्याच्या तयारीला गुण देत होतो. ज्याच्या घरी वादविवाद चालतात, जो स्पर्धेत भाषण करतो, तो चौथ्या पायरीवर. आणि जो मुलगा पडलेल्याला हात धरून नळापाशी घेऊन गेला, पण ‘का’ विचारल्यावर नुसता हसला, तो पहिल्या. ही गोष्ट मला फार बोचली. पायऱ्यांची रचना करणाऱ्यांनी गुणांकनाचे काटेकोर नियम केले होते आणि माझ्यासारखा हौशी माणूस ते नीट पाळत नव्हता, असे कोणी म्हणेल. ते खरे असेल. पण हा तास घेऊ पाहणारे बहुतेक लोक माझ्यासारखेच हौशी असणार.

ट्युरिएल यांनी स्वतः कोहलबर्ग यांच्यासोबत काम केले होते, आणि बहुधा त्यामुळेच त्यांना नेमका हाच जोड उसवता आला. त्यांची रीत दिसायला अगदी साधी आहे: मुलाने एखाद्या वागण्याला चूक म्हटले, की कारण ऐकून थांबायचे नाही; नियमच नसता तर, मोठ्यांनी परवानगी दिली तर, दुसऱ्या शाळेत किंवा दुसऱ्या गावात तसे चालत असेल तर, असे एकामागून एक विचारायचे. मारणे, हिसकावणे, चिडवणे अशा गोष्टी मुले परवानगी मिळाली तरी चूकच ठरवतात. गणवेश, रांग, कुणाला कशी हाक मारायची अशा गोष्टी नियमासरशी बदलू देतात. जुडिथ स्मेटाना यांनी १९८१ मध्ये दाखवले, की तीन-चार वर्षांच्या मुलांतही हा भेद दिसू लागतो. लॅरी नुची आणि ट्युरिएल यांनी १९७८ मध्ये बालवाड्यांत बसून जे टिपले, ते तर कोणीही स्वतः पाहून घ्यावे: कुणाला इजा झाली तर मुले आपणहून बोलतात, रूढी मोडली तर बहुधा मोठीच माणसे बोलतात. आमच्या वाचनालयात चपलांवरून एका मुलाने दुसऱ्याला टोकल्याचे मला सात वर्षांत फारसे आठवत नाही. खेळात लबाडी झाली, की मात्र तक्रार घेऊन सगळेच धावत येतात.

इथे एक गोष्ट लक्षात आली, ती मूल्यशिक्षणाच्या यादीबद्दल. आपल्या शाळांतून जी दहा मूल्ये वर्षानुवर्षे शिकवली जातात, त्यांत वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा यांच्याच रांगेत संवेदनशीलता बसवलेली आहे. तिन्ही चांगलीच आहेत. पण उशिरा येणाऱ्या मुलाला आणि दुसऱ्याचा डबा लपवणाऱ्या मुलाला एकाच सुरात, एकाच शब्दांत बोलणारे मोठे माणूस मुलांच्या नजरेत थोडे उतरते, असे मी वारंवार पाहिले आहे. डबा लपवणाऱ्याला ‘शाळेचा नियम आहे’ असे सांगणे तोकडे पडते. त्याला उपाशी राहिलेल्याकडे बघायला लावावे लागते. रांग मोडणाऱ्याला मात्र ‘नियम आहे, इथे आपण असे करतो’ एवढे पुरते आणि त्यात नीतीचा आव आणला, की मुले ओळखतात.

ट्युरिएल यांच्या रीतीत अडचणी नाहीत असे नाही, आणि सर्वांत मोठी अडचण आपल्याच देशातून पुढे आली. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या मुलांना व मोठ्यांना ३९ प्रसंग देऊन जो अभ्यास १९८७ मध्ये एका संपादित ग्रंथात मांडला, त्यात बापाच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापून कोंबडी खाणे ही गोष्ट भुवनेश्वरच्या मुलांनी अत्यंत गंभीर मानली, आणि विधवेने मासे खाणे हेही त्यांच्या लेखी नुसत्या रीतिभातीचे प्रकरण नव्हते. मग रूढी आणि नीती यांची ही विभागणी सगळीकडे लागू आहे असे कसे म्हणावे? ट्युरिएल, मेलनी किलन आणि चार्ल्स हेल्विग यांनी त्याच ग्रंथात दिलेले उत्तर असे, की मुलांच्या मनात तिथेही कुणाला तरी इजा होतच असते. मुलाच्या वागण्याने बापाच्या आत्म्याला गती मिळणार नाही, असा विश्वास असेल, तर ती मुलाच्या दृष्टीने बापाला केलेली इजाच आहे. फरक नीतीच्या समजुतीत नसून जग कसे चालते याच्या माहितीत आहे. हे उत्तर मला बहुतांशी पटते, पूर्ण पटत नाही.

पटत नाही ते पुस्तकाला पाय लागण्यावरून. आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला, की मूल वाकून नमस्कार करते. सगळ्यांनी ठरवले की पाय लागला तरी हरकत नाही, तर चालेल का, असे विचारल्यावर चपलांच्या बाबतीत लगेच ‘चालेल’ म्हणणारी मुले इथे अडखळली. ‘सरस्वतीला लागतं,’ एक म्हणाला, आणि हे उत्तर ट्युरिएल यांच्या खात्यात सहज जमा होईल. पण एक मुलगी म्हणाली, ‘कुणाला लागत नाही, तरी कसंतरी वाटतं,’ आणि तिचे म्हणणे कोणत्या खणात टाकावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. सोवळेओवळे, उष्टे, अन्न टाकणे या विषयांत आपल्या घरातील मुलांकडून असे अधलेमधले उत्तर येणारच. ते वहीत जसेच्या तसे लिहावे, यापलीकडे माझ्याजवळ उपाय नाही.

जाता जाता बालमानसाचे जुने अभ्यासक जाँ पियाजे यांचा एक प्रश्न मात्र दोन्ही रीतींत जपावा. दार उघडताना चुकून १५ कप फोडणारा मुलगा आणि चोरून मुरांबा घेताना एकच कप फोडणारा, यांतला जास्त वाईट कोण? लहान मुले बरेचदा १५ कपांकडे बोट दाखवतात. इतरांच्या वागण्याचा न्याय करताना मुलांची खरी कसोटी हेतू ओळखण्यात लागते आणि हाइन्झचा पेच वा चपलांचा प्रश्न तिथवर नेत नाही.

आता निवडीबद्दल. तुमच्याकडे आठवी-नववीची मुले असतील, त्यांना वाद घालण्याची हौस असेल आणि कायदा व न्याय यांतले अंतर त्यांच्यापुढे आणायचे असेल, तर कोहलबर्ग यांच्या पेचांना तोड नाही. फक्त आकड्यांची वही जवळ ठेवू नये, असे सुचवीन. गटात पाच ते दहा वर्षांची मुले असतील, किंवा मोठी असूनही अबोल असतील, तर माझ्या मते ट्युरिएल यांचे प्रश्न अधिक न्यायाचे ठरतात, कारण त्यांना उत्तर द्यायला ‘तरीही चूक’ किंवा ‘मग चालेल’ एवढेच शब्द पुरतात. काहीजण दोन्हींचे मिश्रण करतात आणि त्यांचे चांगले चालले असेल. मला ते जमले नाही, कारण पायरीचा विचार डोक्यात आला, की पुढचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

सुरुवात करणाऱ्यांसाठी एवढेच, की पहिल्या दिवशी रूढीचा प्रश्न आधी घ्यावा आणि इजेचा नंतर. मी सुरुवातीला उलटे केले. ‘परवानगी मिळाली तर मारायचं का?’ असे ऐकून एका लहानग्याला वाटले, की काका आज खरोखरच परवानगी देत आहेत, आणि त्याने शेजाऱ्याला एक चापट लगावली. शेजारी रडत रडत ताईंकडे गेला, आणि त्या दिवशी ताई रागावल्या त्या माझ्यावर.