दहावीची सुट्टी: घरच्या गल्ल्यावर की दुसऱ्याच्या दुकानात?

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये झाला की जूनपर्यंत मुलं मोकळी. घरचं दुकान असेल तर पोराला आपल्याच गल्ल्यावर बसवायचं की दुसऱ्याकडे कामाला लावायचं, हा प्रश्न येतो. मी दोन्ही केलंय. माझ्या मते पहिली नोकरी दुसऱ्याकडेच असावी.

आमचं किराणा दुकान. चौथीपासून पुड्या बांधल्या, उधारीची वही लिहिली. नवा तांदूळ कुठला, जुना कुठला, ही पारख बाबांनी मन लावून शिकवली. बाहेर एवढं कुणी शिकवत नाही. पण मी उशिरा उठलो तरी शटर उघडायचंच. हिशेबात तीस रुपये कमी आले तर आई ‘जाऊ दे’ म्हणायची. पगार नव्हता, लागतील तसे पैसे गल्ल्यातून घ्यायचो. शंभर रुपयांसाठी किती वेळ उभं राहावं लागतं, हे कळलंच नाही.

दहावीनंतर वह्या-पुस्तकांच्या दुकानात लागलो. जूनच्या गर्दीत एका बाईंना सेमी इंग्रजीऐवजी मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक दिलं. दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं परत आल्या. मालक म्हणाले, “तू दिलंस, तूच बोल.” घरी बाबांनी निस्तरलं असतं. तिथं मी माफी मागितली, पुस्तक बदलून दिलं आणि पुढे यादीवर खूण केल्याशिवाय एकही पिशवी हातातून सोडली नाही. पहिल्या पगारातून घरचं वीजबिल भरलं. त्या महिन्यापासून खोलीबाहेर पडताना पंखा बंद करायला लागलो.

बाहेर पाठवताना कायदा माहीत हवा. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम नाही, तीन तासांनंतर तासभर सुट्टी, विश्रांती धरून दिवसाचे सहाच तास, आठवड्याला एक सुट्टी. मालक याला कुरकुरत असेल तर ते दुकान सोडून द्या. घरच्या दुकानात मात्र ‘थोडं थांब’ म्हणता म्हणता रात्रीचे नऊ वाजतात, हेही खरं.

घरात आजारपण असेल, माणूस कमी असेल, तर घरचंच दुकान. तिथं तुलना करू नये.

बारावीनंतर तिसरी वाट आहे: महाविद्यालयातली ‘कमवा आणि शिका’. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची ही शिकवण. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासिका सांभाळून काम मिळतं. बुजऱ्या मुलांना आणि घरापासून लांब राहून शिकणाऱ्यांना ही वाट बरी.

दुसऱ्याकडे पाठवायचं ठरलं, तर पगार मुलाच्याच खात्यावर जाऊ द्या. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेच्या नियमांनुसार स्वतःचं बचत खातं चालवता येतं. आणि सकाळी त्याला जाग आली नाही, तर तुम्ही उठवू नका.