खुब्याचा कृत्रिम सांधा : सव्वा वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

डाव्या खुब्याचा सांधा बदलून मला आता सव्वा वर्ष होत आले. दम्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टिरॉइडमुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खुंटला होता आणि साठी उलटता उलटता शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरला नाही. बसवलेला स्टेम (मांडीच्या हाडात रोवायचा दांडा) टायटॅनियमचा, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट या हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा लेप असलेला व सिमेंटविना, म्हणजे हाडात सांधा पक्का बसवणाऱ्या वैद्यकीय लुकणाविना, हाडात पक्का होणारा आहे. कमरेच्या हाडात बसवलेला कपही टायटॅनियमचाच, त्यातले लायनर (आतले अस्तर) हायली क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनचे, म्हणजे रेणू एकमेकांत सांधून कमी झिजणारे केलेल्या प्लास्टिकचे, आणि त्यात फिरणारा स्टेमवरचा बॉल 36 मिलिमीटरचा, गुलाबी सिरॅमिकचा. वेदना पूर्ण गेली आहे, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा उभा जिना मी कठड्याला हलकासा हात लावून चढते आणि सकाळी कमाटीबागेत न लंगडता फिरते.

तरीही एवढ्यावरून या सांध्याला चांगला म्हणण्याची माझी तयारी नाही. पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक सांधा चांगलाच वाटतो. धातूच्या कपात धातूचाच बॉल फिरणारे सांधे बसवले गेले, तेव्हा त्यांचे रुग्णही असेच खूश होते. त्यांपैकी एएसआर हा सांधा डिप्यू कंपनीला ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवावा लागला, कारण बसवलेल्या व पुन्हा बदललेल्या सांध्यांची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदवहीत पाच वर्षांच्या आत त्यातले 12 ते 13 टक्के सांधे पुन्हा काढावे लागल्याचे दिसले. धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात आणि आजूबाजूच्या मांसात उतरत होते. भारतातही हा सांधा हजारो रुग्णांना बसवला गेला होता आणि त्यांच्या भरपाईचा प्रश्न पुढे 2018 पर्यंत केंद्र सरकारपुढे होता. नोंदवह्या नसत्या, तर हे इतक्या लवकर उघडकीस आले नसते. स्वीडनने अशी नोंदवही 1979 मध्येच सुरू केली होती.

माझ्या निवडीमागचे खरे कारण मात्र घरातलेच होते. थोरल्या अक्काचा सांधा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बदलला होता: सिमेंटने बसवलेला स्टेम, धातूचा बॉल आणि साध्या पॉलिएथिलीनचा कप, म्हणजे सर जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये इंग्लंडमध्ये रूढ केलेल्या पद्धतीचाच वारसा. अक्काने त्यावर वीसहून अधिक वर्षे संसार केला, गौरी-गणपतीचा स्वयंपाक केला, पावागडाच्या यात्रा केल्या. आता तिच्या एक्स-रेत बॉल कपाच्या मधोमध न दिसता वरच्या बाजूला सरकलेला दिसतो. साधे पॉलिएथिलीन वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर झिजते. झिजेचे सूक्ष्म कण आसपासच्या पेशींना चेतवतात आणि त्या पेशींच्या प्रतिक्रियेमुळे सांध्याभोवतालचे हाड पोखरले जाते. दुखत काहीच नाही, आणि सर्जनना काळजी वाटते ती नेमकी याचीच.

म्हणून बॉल कशाचा यापेक्षा लायनर कशाचे, हा प्रश्न मी डॉक्टरांना आधी विचारला. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीवर आधारलेल्या 2018 च्या अभ्यासात सोळा वर्षांनंतर साध्या पॉलिएथिलीनचे 11.7 टक्के सांधे पुन्हा बदलावे लागले होते, तर क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनचे 6.2 टक्के. सिरॅमिक की धातू या बॉलच्या वादात इतका मोठा आणि इतका स्पष्ट फरक मला कोठे आढळला नाही. सिरॅमिकसाठी जादा पैसे मी दिले, पण पैशांची ओढाताण असती तर तेथेच काटकसर केली असती, लायनरमध्ये कदापि नाही. सिरॅमिकच्या कपात सिरॅमिकचा बॉल हा पर्याय झिजेच्या बाबतीत सर्वांत सरस आहे, हे खरे. परंतु आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा तसा सांधा जिना उतरताना करकरतो, पंगतीत वाढायला वाकले की शेजारच्याला ऐकू जाते. त्यात धोका काही नाही असे त्यांना सांगण्यात आले आहे, तरी तो आवाज मला सोसला नसता.

ज्यांना आकड्यांची धास्ती वाटते त्यांच्यासाठी एक खुलासा आवश्यक आहे. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार ऑस्ट्रेलिया व फिनलंडच्या नोंदींत 15 वर्षांनी 89.4 टक्के, 20 वर्षांनी 70.2 टक्के आणि 25 वर्षांनी 57.9 टक्के सांधे टिकून होते. पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेले सांधे अर्थातच त्या काळच्या साहित्याचे, बहुतांशी साध्या पॉलिएथिलीनचे होते. उलट आज नवे म्हणून पुढे केले जाणारे कोणतेही मॉडेल घेतले, तर त्याचा वीस वर्षांचा हिशोब कोणाकडेच असू शकत नाही. माझ्या सर्जननी सुचवलेल्या दोन स्टेमपैकी जुन्या रचनेचा मी घेतला, तो एवढ्याचसाठी.

वयाचा विचारही वेगळा करावा लागतो. पंचाहत्तरीपुढे हाड ठिसूळ झालेले असेल, तर सिमेंटविना बसवताना किंवा त्यानंतर लवकरच स्टेमभोवतीचे हाड तडकण्याचा धोका वाढतो. त्या वयात अक्कासारखा सिमेंटचा स्टेम नोंदवह्यांमध्ये अधिक विश्वासाचा ठरला आहे. सिमेंट म्हणजे स्वस्तातले, हा समज चुकीचा आहे.

रोजच्या वापरातली अडचण एकच. मोठ्या बॉलमुळे सांधा निखळण्याची शक्यता कमी होते, तरी माझ्या सर्जननी पाटावर बसणे, मांडी घालणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय कायमचे बंद केले आहे. देवपूजा आता खुर्चीवरून होते. घरात कमोड नसेल तर तो शस्त्रक्रियेच्या आधीच बसवून घ्यावा, नंतर वॉकरवर असताना गवंडी घरात नको होतात.

डिस्चार्जच्या कागदांना चिकटवलेल्या लहान स्टिकरांवर स्टेम, कप, लायनर आणि बॉल यांचे आकार व लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक असतात. मी त्यांची छायाप्रत दोन ठिकाणी ठेवली आहे. अक्काच्या कागदांत हे स्टिकर नाहीत, त्यामुळे तिचा कप बदलायचा झाल्यास जुन्या स्टेमला कोणता बॉल बसेल हे आज इथले सर्जन केवळ एक्स-रेवरून ताडत आहेत.