नऊ महिने, चार माणसं आणि एक धुरकट काच

आठ जुलैला पाली सोडून आंजणारीच्या घाटाकडे निघालो आणि समोरची काच गेली. फुटली नाही, दिसेनाशी झाली. एसी बंद पडला होता. बाहेर धो धो पाऊस, आत माझ्या गाडीने रोज रत्नागिरीहून लांज्याला जाणारी आम्ही चार माणसं, तीन ओल्या छत्र्या आणि मागे सुकटीची पिशवी. शेजारी बसलेले बँकेतले काका रुमालाने माझ्यासमोरची काच पुसत होते आणि मी त्यांच्या कोपराखालून रस्ता शोधत होतो. याच आंजणारीच्या पुलावरून २०२२ च्या सप्टेंबरात गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला होता, ते मागे बसलेल्या शाळेतल्या बाईंना नेमकं तेव्हाच आठवलं. आठवलं ते आठवलं, वर सांगितलंही.

गाडी हजार सीसीची, तीन सिलिंडरची, सगळ्यात खालचं मॉडेल. गेल्या अक्षय्य तृतीयेला घेतली. कागदावरचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, ते उगाळत बसत नाही. रत्नागिरी ते लांजा जाऊन-येऊन माझ्या मीटरवर ८४ किलोमीटर होतात, आजवर साडेसोळा हजार झाले. ॲव्हरेज मी टाकी फुल ते टाकी फुल असं वहीत लिहून काढतो. एकटा असलो, एसी बंद आणि वेग साठच्या आसपास, तर २२.४. चौघं असलो आणि एसी चालू, तर १७.९. डॅशबोर्डावरचा आकडा दोन्ही वेळा दीड-दोनने फुशारकी मारतो. कंपनीचा आकडा तर प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला. त्या रोलरवर हातखंब्याची कोंडी नसते.

काकांच्या मते सगळा दोष इथेनॉलचा. २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालात ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुळवलेल्या चारचाकीचा फटका एक-दोन टक्केच धरलाय, आणि माझी गाडी त्यातलीच. म्हणजे ते साडेचार किलोमीटर काही इथेनॉल प्यायलेलं नाही. पण काकांना हे सांगून उपयोग नाही, त्यांच्या व्हॉट्सॲपवर वेगळं आलेलं असतं.

हिशोब असा: चौघांत वीसचं ॲव्हरेज धरलं आणि पेट्रोल एकशे पाच, तर दिवसाचे ४४० रुपये, माणशी ११०. माझा वाटा मी भरतो. टायर, सर्व्हिसिंग, विमा माझ्याच गळ्यात. नफा घेत नाही. पांढऱ्या पाटीवर भाडं घेता येत नाही आणि मला आरटीओत ओळखी वाढवायची हौस नाही. घाम फुटला तो बाईंचा वाटा ठरवताना. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं वाढलं होतं, त्यावर माझी भिस्त होती. बाई विज्ञान शिकवतात. म्हणाल्या, "वाढलेल्याचंही अर्धंच ना हो?" शेवटी त्या नव्वद देतात, वरचे वीस मी सोसतो. हे काकांना अजून माहीत नाही.

आता एसीचं. सर्व्हिस सेंटरला नेली. बोनेट उघडल्या उघडल्या निदान झालं: उंदराने वायर कुरतडली. वॉरंटीत बसत नाही, अख्खं वायरिंग बदलायला लागेल, १४,६०० रुपये, आणि पार्ट यायला आठ दिवस. मी विचारलं, तुटल्या किती? दोन. बदलणार किती? सगळ्या. यावर तासभर वाद झाला. मग मॅनेजर आले. त्यांनी मला चहा दिला आणि आकडा तोच ठेवला. मी चहा पिऊन गाडी बाहेर काढली. साळवी स्टॉपजवळच्या एका वायरमनने दोन्ही टोकं जोडली, डाग दिला, वर नळी चढवली आणि चारशे रुपये घेतले. तो जॉइंट आजपर्यंत हललेला नाही.

उंदराला मी फार दोष देत नाही. गाडी फणसाखाली, लाकडांच्या खोपीशेजारी लावायचो. पावसात त्यालाही कोरडी आणि ऊबदार जागा पाहिजेच. डांबरगोळ्या ठेवल्या, त्यांच्यावर तो बसायचा असं वाटतं. तंबाखूची पुडी बांधली, ती दुसऱ्या दिवशी गायब. उंदराने नेली की काकांनी, याचा निकाल अजून लागायचाय. आता गाडी पडवीसमोर लावतो आणि रात्री बोनेट उघडं ठेवतो. आडोसा नसला की तो आत जात नाही, निदान आतापर्यंत गेलेला नाही.

एसी सुरू झाला आणि माझं खरं दुखणं सुरू झालं. काच साफ ठेवायची तर एसी चालू पाहिजे, आणि एसीने रोज पन्नासेक रुपये खाल्ले. मी पावसाळी अधिभार लावला, माणशी दहा रुपये. वरच्या मॉडेलला मागच्या काचेत गरम होणाऱ्या तारा आहेत, त्यासाठी पन्नास हजार जास्त मोजायचे होते. ते मी वाचवले, म्हणून मागचं काही दिसत नव्हतं. एसी पूर्ण थंडवर ठेवला की आणखी एक गंमत: आतून साफ झालेली काच बाहेरून धुरकट व्हायची. बाहेरची ओली हवा थंड काचेला लागली की पाणी धरणारच. म्हणजे आत एसी, बाहेर वायपर आणि हातात फडकं. फडकं प्रत्येकाने आपापलं आणायचं, असा नियमही केला. आमच्यातल्या चौथ्याने, तहसीलमधल्या पोराने, आणलेलं फडकं तो आदल्या दिवशी सुकट बांधून आणायला वापरत असे. जून-जुलै मासेमारी बंद, मिरकरवाड्याच्या बंदरात ताजं काही नाही, लांज्यातल्या साहेबांना सुकटच न्यावी लागते. त्याचं काय चुकलं म्हणा.

तोवर माझं मत पक्कं झालं होतं, की ही गाडी कोकणासाठी बनवलेलीच नाही. तसं वहीत तारीख घालून लिहूनही ठेवलंय.

मग गौरी-गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बाई पुढे बसल्या. काका रजेवर होते. हातखंब्यापाशी बाईंनी डॅशबोर्डवरच्या दांड्याकडे बोट केलं. "हा कायम इकडेच का?" तो दांडा म्हणजे बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवत ठेवायचा. मे महिन्यात चौपदरीकरणाची लाल धूळ आत येते म्हणून मीच सरकवला होता. नंतर विसरलो. चार महिने चार माणसांचा श्वास, ओले कपडे आणि सुकट आम्ही आतल्या आत फिरवत होतो. "वाफ जाणार कुठे?" बाई म्हणाल्या, अगदी सातवीच्या मुलाला विचारतात तसं.

दांडा सरकवला. मग त्यांनी निळं-लाल गोल बटण थोडं लालकडे फिरवलं. कोकणात ते बटण लालकडे कोण फिरवतो? माझ्या हिशोबी तो भाग हिमाचलवाल्यांसाठी दिलेला. पण हीटरला पेट्रोल लागत नाही. इंजिनाची नाहीतरी वाया जाणारी उष्णता तो काचेवर सोडतो. काच गरम राहिली की तिच्यावर पाणी धरत नाही, ना आतून ना बाहेरून. दोन-तीन मिनिटांत समोरचा ट्रक दिसायला लागला, त्याच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' सकट.

त्या दिवसापासून मी त्या बटणाच्या प्रेमात आहे. बायको म्हणते, लग्नात मी तिच्याकडे एवढं बघितलं नव्हतं. एसी आता फक्त आंजणारीच्या घाटात, पाऊस फार असेल तेव्हा, दहा मिनिटं. बाकी वेळ पंखा एकवर, बटण दोन खटके लाल, हवा बाहेरची. आत थोडं उकडतं हे खरं. मुंबईहून आलेला मेव्हणा पालीपर्यंत शर्टाची बटणं काढत होता. परतीच्या पावसात चौघांचं ॲव्हरेज १९.८ मिळालं. मागची काच अजून धुरकटतेच, ती फडक्यावर आहे.

बाकी गोष्टी थोडक्यात. घाटात चौघं आणि एसी असेल तर दुसरा गियर टाकावाच लागतो. मागच्या सीटवर तिघं बसतात, पण मधल्याने मन मोठं करायला लागतं. सर्व्हिस सेंटरवरचा राग निम्म्यावर आलाय. फ्री सर्व्हिसला त्यांनी तो जॉइंट बघितला, जॉबकार्डवर 'बाहेरचं काम' लिहिलं, पण गाडी लग्नाला निघाल्यासारखी धुऊन दिली. जीएसटीचा विषय काढू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेसही गेला. तहसीलमधल्या पोराच्या मावसभावाने दिवाळीत हीच गाडी घेतली, माझ्यापेक्षा पन्नास हजारांनी स्वस्त. म्हणजे तारांचं मॉडेल मला माझ्याच पैशात आलं असतं.

आणि तो अधिभार. बाईंनी हिशोब मांडलाय: एसी लागत होता तो माझ्या दांड्यामुळे, तेव्हा ३१ दिवसांचे माणशी ३१० रुपये परत. मी म्हटलं, थंड हवा खाल्लीत ना? त्या म्हणाल्या, "सुकटीची खाल्ली." आता दर सोमवारी प्रत्येकाच्या वाट्यातून वीस रुपये वळते होतात. काकांनी वेगळी वही केली आहे.