एकाच डब्यातला इपॉक्सी! स्विमिंग पूल रंगवून घेताना झालेली फसवणूक

पुण्याच्या बाजूच्या एका सोसायटीचा पूल. पन्नास फूट लांब, वीस फूट रुंद, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला पाच फूट खोल. एप्रिलमध्ये तो नव्याने रंगवून घेतला, मेच्या पहिल्या आठवड्यात पाणी भरलं आणि महिना संपायच्या आत तळावर बशीएवढाले फोड उठले. मुलं पाण्यातून बाहेर आली की तळपाय निळे. फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना निघणारं, बॅकवॉशचं पाणीही निळसर. ठेकेदार म्हणाला, "तुमच्या माणसाने क्लोरीन जास्त टाकलं." कमिटीतल्या निम्म्या लोकांना ते पटलंसुद्धा.

क्लोरीनने असं होत नाही. पोहण्याच्या पाण्यात लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम क्लोरीन असतं, आणि पूलचा रंग त्यासाठीच बनवलेला असतो. जास्तीच्या क्लोरीनने रंग फिका पडेल, पावडर धरेल, पण तीन आठवड्यांत फोड येणार नाहीत. फोड म्हणजे रंगाची खालची पकड सुटली. एक फोड नखाने फाडला तेव्हा आतून बुळबुळीत, साबणासारखं पाणी आलं. रंगाचा पापुद्रा बोटांत चिकट लागत होता आणि त्याच्या पाठीला जुन्या फिकट हिरव्या रंगाचा थर चिकटून आला होता. या बुळबुळीतपणातच सगळं उत्तर आहे.

कोटेशनमध्ये "इपॉक्सी पूल पेंट, दोन हात" असं लिहिलं होतं. इपॉक्सी म्हणजे दोन डबे, एका डब्यात बेस आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यातूनच तो कडक होतो. हार्डनरला अमोनियासारखा, थोडा माशासारखा उग्र वास असतो. इथे आलेल्या डब्यांना हार्डनर नव्हताच. झाकण उघडलं की टर्पेंटाइनचा वास, म्हणजे दारं-खिडक्या, ग्रिल रंगवतात तो ऑइलपेंट. वर चिकटवलेलं लेबल तेवढं इपॉक्सीचं.

ऑइलपेंट तेलावर आधारलेला असतो. सिमेंटच्या गिलाव्यात अल्कली असते आणि गिलावा पाण्याखाली असला की ती सतत वर येत राहते. तेल आणि अल्कली एकत्र आली की साबण होतो. साबण करताना जे मुद्दाम घडवून आणतात, तेच पूलच्या तळाला रंगाखाली आपोआप घडतं. म्हणून लोखंडी गेटवर पाच वर्षं टिकणारा रंग पूलमध्ये महिनाभरही टिकत नाही.

खात्री करायची तर सोपी परीक्षा आहे आणि ती रंग लावून घेण्याआधी, जुन्या रंगावरही करायलाच हवी. पापुद्र्याचे नखाएवढे तुकडे घ्या. काचेच्या तीन लहान बाटल्या घ्या. प्लॅस्टिकचे ग्लास नकोत, झायलीन (रंग विरघळवणारा एक उग्र द्रव) त्यातले काही ग्लासच विरघळवून टाकतं. पहिल्या बाटलीत पॉलिशवाले वापरतात तो स्पिरिट, दुसरीत झायलीन, तिसरीत कॉस्टिक सोड्याचं पाणी. स्पिरिटमध्ये अर्ध्या-एक मिनिटात तुकडा मऊ पडून बोटाला रंग लागला, तर तो ॲक्रिलिक. स्पिरिटने काही झालं नाही, पण झायलीनमध्ये विरघळून झायलीनलाच रंग आला, तर क्लोरिनेटेड रबर, हाही पूलसाठी वापरतात तो एक रंग. कॉस्टिकमध्ये रात्रभर ठेवून सकाळी त्याचा चिखल झाला, तर ऑइलपेंट. तिन्हींत ठणठणीत राहिला तो इपॉक्सी. हातमोजे घालूनच करा, कॉस्टिकने कातडी भाजते.

त्या सोसायटीच्या तुकड्यात वरचा निळा थर कॉस्टिकमध्ये मऊ पडला आणि खालचा हिरवा थर झायलीनमध्ये विरघळला. म्हणजे वर ऑइलपेंट, खाली जुना क्लोरिनेटेड रबर. आता यातली दुसरी गोष्ट बघा. ठेकेदाराने अगदी खरा, दोन डब्यांचा इपॉक्सी आणला असता, तरी या कामाचं वाटोळंच झालं असतं. इपॉक्सीतला सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा उडून जाणारा द्रव, खालच्या क्लोरिनेटेड रबरला मऊ करतो, तो सुरकुततो आणि दोन्ही थर मिळून सुटतात. क्लोरिनेटेड रबरवर क्लोरिनेटेड रबर चालतो, इपॉक्सीवर इपॉक्सी चालतो. रंगाची जात बदलायची असेल तर जुना रंग गिलाव्यापर्यंत काढावाच लागतो. "आधी काय मारलंय?" हे न विचारता दर सांगणारा ठेकेदार एक तर अडाणी आहे किंवा त्याला टिकवायचंच नाहीये.

याचा अर्थ एका डब्यातला प्रत्येक रंग खोटा असा नाही. क्लोरिनेटेड रबर आणि ॲक्रिलिक एकाच डब्यात येतात. इपॉक्सी नीट लावला तर साधारण सहा-सात वर्षं जातो, क्लोरिनेटेड रबर तीनेक वर्षं, ॲक्रिलिक वर्ष-दोन वर्षं. जुना थर क्लोरिनेटेड रबरचा असेल आणि घट्ट बसलेला असेल, तर त्यावर पुन्हा तोच मारणं हा प्रामाणिक आणि स्वस्त सल्ला आहे, कारण नवा हात जुन्याला किंचित विरघळवून त्यात एकजीव होतो. फसवणूक होते ती क्लोरिनेटेड रबरच्या किंवा त्याहून हलक्या रंगाला इपॉक्सीचा दर लावला जातो तिथे.

मग लिटरचा हिशेब. इथे कुणीही कॅल्क्युलेटर घेऊन बसू शकतं, पण बसत कुणी नाही. पन्नास गुणिले वीस, तळ १,००० चौरस फूट. चारही भिंतींची एकूण लांबी १४० फूट, सरासरी खोली चार फूट, म्हणजे ५६०. एकूण १,५६० चौरस फूट, साधारण १४५ चौरस मीटर. बिल मात्र २,२०० चौरस फुटांचं होतं. पायऱ्या, कडेचा कट्टा, ओव्हरफ्लोची नाली, सगळं त्यात मोजलेलं आणि यातल्या कट्ट्याला रंग लावलेलाच नाही.

रंगाच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो, व्हॉल्यूम सॉलिड्स. म्हणजे सॉल्व्हंट उडून गेल्यावर डब्यातला किती टक्के रंग भिंतीवर उरतो. त्या आकड्याला दहाने गुणा आणि वाळल्यावर जेवढे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी हवी त्याने भागा. एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होतात ते निघतं. ६० टक्के सॉलिड्स आणि १०० मायक्रॉनचा हात असेल तर ६ चौरस मीटर. १४५ ला ६ ने भागलं की २४ लिटर. खडबडीत गिलावा, रोलरमध्ये उरलेला, सांडलेला असा वीस टक्के जादा धरला की हाताला २९ लिटर, दोन हातांना ५८, आणि प्राइमर वेगळाच. साइटवर आले होते ४० लिटर रंग आणि १५ लिटर थिनर. थिनर पाच-दहा टक्क्यांपर्यंत समजू शकतो, चाळीस लिटरला दोन ते चार लिटर. पंधरा लिटर थिनर म्हणजे रंगात पाणी घालण्यातलाच प्रकार. रंग पातळ झाला की रोलर भराभर फिरतो, डबा लांबतो, वाळल्यावर निळंही दिसतं. जाडी मात्र नसते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

जाडी बघायची वेळ रंग ओला असतानाची. कंगव्यासारखी दात असलेली एक छोटी पट्टी मिळते, वेट फिल्म गेज. ओल्या रंगात उभी टेकवायची आणि कुठल्या दातापर्यंत रंग लागला ते वाचायचं. वरच्या उदाहरणात वाळून १०० मायक्रॉन हवे असतील तर ओला हात १६५-१७० मायक्रॉनचा हवा, दहा टक्के थिनर घातलं असेल तर १८०च्या वर. नंतर कुणी चुंबकावर चालणारं साधं गेज आणून काँक्रीटवर टेकवून "बघा, अडीचशे आलं" असं दाखवलं, तर तो आकडा निरर्थक आहे. ते गेज खाली लोखंड असेल तरच खरं बोलतं. हवं तर रंगकामाआधी तळाला आणि भिंतीला हातभर अंतरावर दोन-तीन लहान लोखंडी पत्र्याचे तुकडे चिकटवा, तेही बाकीच्यासारखेच रंगवून घ्या आणि नंतर त्यांच्यावर मोजा. आणि दोन हातांचे रंग वेगळे ठेवा, पहिला पांढरा, दुसरा निळा. एकच हात मारून दोनचे पैसे घेण्याची वाट त्यानेच बंद होते.

दिवसांतही अशीच चोरी होते. सोसायटीला एक मेला पूल सुरू हवा होता आणि ठेकेदाराने "पाच दिवसांत पाणी भरून देतो" म्हणून काम मिळवलं. बाकी दोघांनी तीन आठवडे सांगितले होते, म्हणून ते बाद झाले. तीन आठवडे सांगणारे बरोबर होते. पूल रिकामा करणं, खरवडणं-घासणं, भेगा आणि पोकळ गिलावा दुरुस्त करणं यात पाच-सहा दिवस जातात. मग ॲसिड, धुलाई आणि पूर्ण वाळणं. प्राइमर आणि दोन हात, प्रत्येकामध्ये माहितीपत्रकात दिलेलं अंतर. शेवटच्या हातानंतर आपल्या उन्हाळ्यातही इपॉक्सीला किमान सात दिवस कोरडे हवेत. वरून हाताला कडक लागला तरी आतून तो तयार झालेला नसतो, आणि अशा वेळी वर लाखभर लिटर पाणी चढवलं की अडकलेला सॉल्व्हंट फोड होऊन वर येतो. गिलावाच नवा असेल तर रंगाच्या आधी त्याचे २८ दिवस.

तयारीचं काम नीट झालं की नाही, हे तिथे उतरून हाताने बघा. ॲसिड उघड्या गिलाव्यावर मारायचं असतं. जुन्या रंगावर ओतून धूर काढला की काम झाल्याचा देखावा होतो, उपयोग काही नाही. एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड, तीन-चार भाग पाणी, आणि नेहमी पाण्यात ॲसिड घालायचं, उलटं कधीच नाही. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ॲसिडचा जोर मारायचा आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायचं. वाळल्यावर तळहात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. लगेच शोषले गेले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे अजून तेल, मेण किंवा जुना रंग आहे. ओल बघायला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेपने चिकटवा, खोल टोकाला एक नक्की. २४ तासांनी आतून दव धरलं असेल किंवा गिलावा काळपट झाला असेल, तर रंगाचा डबा उघडूच देऊ नका.

वेळेचंही बघा. सकाळी आठला सुरू करून डोक्यावर ऊन येईपर्यंत मारत राहणारे पेंटर खूप आहेत. ऊन चढतं तशी गिलाव्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या रंगातून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडून बाहेर येते. चार-साडेचारनंतर, तापमान उतरायला लागल्यावर मारलेला हात गिलावा आत ओढून घेतो. आणि खोल टोकाला काम करणाऱ्या माणसांकडे लक्ष द्या. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साठते. पंखा किंवा ब्लोअर, सॉल्व्हंटचा मास्क, बिडी-काडी पूर्ण बंद. रंगाचे पैसे वाचवणारा ठेकेदार सगळ्यात आधी याच गोष्टी वाचवतो, आणि चक्कर येऊन पडतो तो रोजावर आलेला पोरगा.

अजून एक खोटं या सोसायटीला विकलं गेलं, "रंगाने गळतीही थांबेल." पूल पेंट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. गळती आहे का, ते रिकामं करण्याआधी तपासा. बादलीत पाणी भरून ती पूलच्या पायरीवर ठेवा, आत आणि बाहेर पाण्याच्या पातळीची खूण करा, पंप बंद. २४ तासांनी बाहेरची खूण बादलीतल्यापेक्षा जास्त खाली गेली असेल तर जास्तीचं पाणी बाष्प होऊन गेलेलं नाही, गळलंय. त्याचा इलाज वेगळा आणि तो रंगाच्या आधी.

कागदावर काय हवं होतं? रंगाचा प्रकार आणि उत्पादनाचं नाव, माहितीपत्रकाची प्रत, किती लिटर, किती मायक्रॉनचे किती हात, मोजमाप आणि पाणी भरण्याची तारीख. डबे सीलबंद यावेत, बेस आणि हार्डनरचे बॅच नंबर आणि मुदत यांचे फोटो काढावेत, रंग दुकानाच्या पक्क्या बिलासह यावा आणि रिकामे डबे शेवटचा हप्ता देईपर्यंत सोसायटीच्या ताब्यात राहावेत. इथे ७० टक्के रक्कम काम सुरू होण्याआधी गेली होती आणि बिल साध्या चिठ्ठीवर. पाणी भरून महिना होईपर्यंत किमान पंधरा टक्के हातात ठेवा.

फसलेच असाल तर पाणी उपसण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, पापुद्र्याचे तुकडे पाकिटात तारीख घालून ठेवा आणि ठेकेदाराला लेखी नोटीस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याची तक्रार करता येते, रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. सोसायटीला हे सोपं आहे. भाड्याने देण्याच्या बंगल्याचा पूल असेल तर "व्यावसायिक हेतू" हा आक्षेप येतो, तिथे आधी वकिलाला विचारा.

त्या पूलचं आता दोन्ही थर गिलाव्यापर्यंत खरवडून काढण्याचं काम शिल्लक आहे, मूळ रंगकामापेक्षा जास्त खर्चाचं. जूनमध्ये ते सुरू करू नका, असंच सांगावं लागलं. पावसात गिलावा वाळत नाही, आणि जमिनीत पाणी चढलेलं असताना रिकामा पूल खालच्या दाबाने उचलला जाऊन त्याला तडे जातात. फोड आलेल्या रंगावरच पाणी ठेवायचं, पोहणं बंद, पाणी सडू नये म्हणून रोज पंप चालवायचा, आणि दिवाळीनंतर ऊन स्थिर झालं की उपसायला घ्यायचं.